आत्या सोलापूरला, मी पट्टदकलला

कर्नाटकात बादामीजवळच्या बनशंकरी देवीची ओटी भरून झाल्यावर आत्या देवळातच म्हणाली, "माझं झालं बाई. तू मात्र पट्टदकल बघूनच ये." आदल्या दिवशी बादामीच्या लेण्यांच्या पायऱ्या चढताना तिचा गुडघा धरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सोलापूरच्या गाडीत बसवलं. तिकडे आतेभाऊ उतरवून घेणार होता. गाडी सुटता सुटता तिने आपली देवळांची वही खिडकीतून माझ्या हातात दिली. पाहिलेल्या प्रत्येक देवळाबद्दल ती त्यात दोन ओळी लिहिते.

बसच्या पाट्या कन्नडमध्ये. 'पट्टदकल, पट्टदकल' विचारत चढले. 22 किलोमीटरभर शेजारची सीट रिकामीच होती आणि ते मला फार जाणवलं.

पट्टदकलला आधी विरूपाक्ष मंदिरात गेले. आठव्या शतकात चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याने कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवला, त्याची आठवण म्हणून राणी लोकमहादेवीने हे बांधवलं. मूळ नाव लोकेश्वर. शेजारचं मल्लिकार्जुन मंदिर तिच्या सख्ख्या बहिणीचं, त्रैलोक्यमहादेवीचं. तीही विक्रमादित्याचीच राणी. तोच विजय, तशीच घडण, फक्त आकार थोडा लहान. दोन्हींच्या मधल्या जागेत मी बराच वेळ बसून राहिले. सख्ख्या बहिणी, सवती, आणि देवळंही शेजारी शेजारी! आत्या असती तर राजाला बाजूला ठेवून या दोघींबद्दलच बोलत बसली असती. आत खांबांवर रामायण-महाभारताचे प्रसंग आहेत. जाळीतून येणाऱ्या उजेडात एकेक खांब फिरून पाहिला. घाई करणारं कुणी नव्हतं, आणि 'हे बघ' म्हणायलाही कुणी नव्हतं. वेरूळच्या कैलासावर याच मंदिराची छाप आहे, असं अभ्यासक मानतात. नंदीमंडपापाशी उभं राहिलं की ते पटतं.

तिथून पुढे ऐहोळे गावी गेले. तिथलं दुर्ग मंदिर पाठीमागून गोलाकार आहे. नाव दुर्गेवरून नाही, दुर्गावरून, म्हणजे किल्ल्यावरून पडलंय. तिथे फार थांबले नाही, कारण मला मेगुती गाठायचं होतं.

टेकडीवरच्या या जैन मंदिराच्या भिंतीत रविकीर्ती या कवीचा शिलालेख आहे, इ. स. 634 चा. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड. मला एक अक्षर लागत नव्हतं, पण आत काय आहे ते ठाऊक होतं. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने सम्राट हर्षाचा केलेला पराभव त्यात आहे. कालिदास आणि भारवीची नावं आहेत. आणि 99,000 गावांच्या तीन महाराष्ट्रकांचं स्वामित्व पुलकेशीला मिळालं, असंही त्यात म्हटलंय. आपल्या मुलखाचं नाव, चौदाशे वर्षांपूर्वीचं, या दगडात! माझ्या अंगावर काटा आला. आत्याला फोन लावला, लागला नाही.

मग पायरीवर बसून वही उघडली. तिच्या अक्षरात शेवटची नोंद होती: 'बनशंकरी. ओटी भरली. गुडघा दुखतो.' त्याखाली मी लिहिलं: 'मेगुती. आपलं नाव इथे आहे, आत्या.'