आधी लेथ की थेट सीएनसी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुलाला आयटीआयला टर्नर ट्रेड, म्हणजे धातू कातायचं काम, मिळाला की पालकांचा ठरलेला प्रश्न असतो: दोन वर्षं लेथवर, म्हणजे हातानं चालवायच्या कातयंत्रावर, घालवण्यापेक्षा तीन महिन्यांचा सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनचा, कोर्स काय वाईट? भोसरीची एमआयडीसी घ्या नाहीतर शिरोलीची, काम तर सीएनसीवरच मिळतं.

मिळतं, पण कसलं? जॉब (कातायचा तुकडा) लावा, बटण दाबा, जॉब काढा. पगार वाढतो तो सेटरचा, म्हणजे मशीनवर टूल आणि मापं बसवून देणाऱ्याचा.

एक उदाहरण घ्या. ५० मिमी शाफ्ट, ड्रॉइंगवर लहान एच आणि पुढे ६. म्हणजे माप ५०.००० ते ४९.९८४ च्या आत हवं. सगळी मोकळीक १६ मायक्रॉनची (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी). आता पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. जॉब ३० अंशांनी गरम असेल तर ५० मिमीला १७ मायक्रॉन झाले, मोकळीक तिथेच संपली! मशीनवरून काढल्या काढल्या मायक्रोमीटर लावला, ५०.००७ दिसलं. पोरगं घाबरून ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली टूलच्या मापाची दुरुस्ती, १५ मायक्रॉननं कमी करतं. खरं तर तो जॉब गार झाल्यावर ४९.९९० भरला असता, पास. पुढचे मात्र ४९.९७५ वर जातात. जाड राहिलेल्यावर पुन्हा कट घेता येतो, बारीक झालेला भंगारात.

हे कोर्समध्येही सांगतात, नाही असं नाही. पण लेथवर तेच शंभरदा हाताखालून जातं. टूल सेंटरला, म्हणजे जॉबच्या मध्याच्या उंचीला, नसलं की फेसिंग करताना (जॉबचं तोंड सपाट कातताना) मधोमध बारीक गुंडी उरते. कट जास्त गेला म्हणून हँडल एक घर मागे फिरवलं तरी बॅकलॅशमुळे, म्हणजे स्क्रूच्या आट्यांतल्या ढिलाईमुळे, टूल जागचं हलत नाही. अर्धा फेरा मागे येऊन पुन्हा पुढे जावं लागतं. माइल्ड स्टीलला हायस्पीड स्टीलचं टूल, मिनिटाला ३० मीटर कापण्याचा वेग आणि २५ मिमी व्यास धरला तर आरपीएम साधारण ३८०. हजारावर चालवलं तर टूलची धार जळते, आणि ती जळायच्या आधी आवाज बदलतो. तो आवाज ओळखू येईपर्यंत वेळ जातोच, त्याला इलाज नाही.

पहिलं वर्ष व्हर्निअर, फेसिंग आणि प्लेन टर्निंगमध्ये गेलं तर जाऊ द्या. टेपर (निमुळतं कातणं), आटे नंतर. खिशात वही हवी: मटेरियल, आरपीएम, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग), आणि जॉब बाद झाला तर का झाला. शेवटचा रकाना बहुतेक जण कोरा ठेवतात.

नोकरी लागल्यावर हजार रुपयांसाठी सहा महिन्यांत कंपनी बदलली की नव्या जागी पुन्हा बटणच दाबायला मिळतं. अप्रेंटिस घेणाऱ्या कंपनीत स्टायपेंड विचाराच, पण मुलाला सेटरच्या हाताखाली कधी उभं करणार, हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे चौकशी करा.