शाबासकी कोण देणार

रविवार, रात्री

सलूनमधल्या मुलानं माझा वस्तरा हातात घेऊन नुसता उलटसुलट केला, आणि ते मला उगाचच लागलं. "दादा, आम्ही शिकलो तेच अर्धं ब्लेड मोडून घालायला. असला अख्खा तर काकांकडेपण नाही बघितला." झालं! 'हात बसला तुमचा' हे ज्याच्या तोंडून ऐकायला मी फडक्यात गुंडाळून नेला, त्यालाच त्यातलं काही माहीत नाही.

त्याचं चुकलं नाही. एचआयव्ही आणि काविळीच्या धास्तीनं गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड आलं, ते बरंच झालं. पण मग अख्ख्या पात्याच्या वस्तऱ्यानं स्वतःची दाढी करणं मला जमतंय हे सांगणार कोण? घरात "झाली का?" एवढंच, तेही मोरीच्या दारावर थाप मारून.

आणि जमतंय हो. पातं गालाला साधारण 30 अंशांवर. त्याहून उभं केलं की कापतं, फार निजवलं की केस ओढले जातात. निम्मं काम कातडी ताणणाऱ्या डाव्या हाताचं, हे उशिरा कळलं. पहिला हात केसांच्या कलानं. मानेवर उलटा हात अजून नाही, बहुतेक कधीच नाही. जोर द्यायचा नाही, पात्याचं वजन पुरतं. चामडी पट्ट्यावर पात्याची पाठ पुढे, धार मागे. तिथे घाई केली तर धार मरते, मग हात कितीही हलका असून उपयोग नाही. हनुवटीशी श्वास रोखायचो, तेही गेलं. नानांना दाखवलं असतं. असो.

पण परत तेच. दाखवू कुणाला? जिलेटला सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं 1904 साली. जग तेव्हाच पुढे गेलं, आणि मी आत्ता परीक्षक शोधत बोळाबोळानं फिरतोय.

तशी तुरटी आहेच म्हणा. जिथं सोललं असेल तिथं बरोबर झोंबते, तिच्यापुढे वशिला चालत नाही. हल्ली गप्प असते. तेवढ्यावर भागवायला हवं.

निघताना पोरगं म्हणालं, "एकदा माझीच करा की, दादा." दुसऱ्याच्या गळ्यावर? नको रे बाबा. मग म्हणाला, उद्या सोमवार, दुकान बंद, पट्टा कसा ओढतात ते बघायला घरी येतो. मी हो म्हणून बसलोय. घरात अजून सांगितलेलं नाही.