एका सेकंदाचा ऐवज

स्लाव्हा त्सुकरमनचा ‘लिक्विड स्काय’ (१९८२) हा सिनेमा घरी लावला, की आतून कुणीतरी हमखास विचारतं, टीव्ही बिघडला का? बिघडलेला नसतो, संगीतच तसं आहे. कोरडं, किरकिरं, जत्रेतल्या भोंग्यासारखं. मॅनहॅटनमधल्या गच्चीवर ताटाएवढी उडती तबकडी उतरते, अ‍ॅन कार्लाइल ही एकच नटी मार्गारेटही होते आणि जिमीही. कथानक तेवढ्यावर सोडून द्यावं. कान देण्याची गोष्ट वेगळी आहे.

त्सुकरमनने ब्रेंडा हचिन्सन आणि क्लाइव्ह स्मिथ यांच्या साथीने हे संगीत फेअरलाइट सीएमआय या, खरा आवाज टिपून तो हव्या त्या स्वरात वाजवणाऱ्या ऑस्ट्रेलियन यंत्रावर केलं. यंत्र श्रीमंतांचं, पण मेमरी गरिबाची. आठ स्वर एका वेळी, प्रत्येकाला १६ किलोबाइट, सॅम्पल, म्हणजे टिपलेला आवाज, ८ बिटचं. सेकंदाला १६,००० वेळा आवाज मोजून टिपला तर जेमतेम एक सेकंदाचा आवाज मावणार. एवढ्या ऐवजावर त्सुकरमनने हात घातला तो थेट मारँ मारे या फ्रेंच संगीतकाराच्या १७२३च्या रचनेला! तिच्या खर्जात चर्चच्या घंटांचे डी, एफ, ई हे तीनच स्वर फिरत राहतात. तोकड्या यंत्राला याहून सोयीचं काय मिळणार? सिनेमात कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराची रचनाही आहे, पण तिला मारेची सर नाही.

आज लॅपटॉपवर हा बाज आणू पाहणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात: गाणं पूर्ण करतात आणि शेवटी सगळ्यावर एकदम बिटक्रशर, म्हणजे बिट कमी करून आवाज खरबरीत करणारा इफेक्ट, फिरवतात. त्याने फक्त चिखल होतो. खराबी प्रत्येक स्वरात, सुरुवातीलाच घालायला हवी. घंटेचा किंवा गळ्याचा एक सेकंद मोनोत, म्हणजे एकाच चॅनेलवर, घ्या. आधी आवाजाची पातळी शक्य तितकी वर न्या, मगच ८ बिट करा. हळू आवाज तसाच उतरवला तर स्वरापेक्षा खरखर मोठी होते. लूपची, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या तुकड्याची, दोन्ही टोकं ध्वनिलहर शून्यावर असताना, एकाच दिशेने जाताना जोडा, नाहीतर प्रत्येक फेरीला टिक्‌ ऐकू येते. पट्टी बदलताना टाइम-स्ट्रेच, म्हणजे स्वर बदलला तरी लांबी तीच ठेवणारी सोय, बंद ठेवा. फेअरलाइट खालच्या स्वरासाठी सॅम्पल सावकाश वाजवायचं, म्हणून खर्जात आवाज लांबतो आणि दाणेदार होतो. ती ओबडधोबड खाच हवीच. रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी घुमण) हवा असेल तर या सगळ्यानंतर, आणि चिमूटभर.

सिनेमा पाहताना मात्र फोनचा स्पीकर नको. त्यात खर्ज गळतो, घंटांचे तीन स्वर जातात आणि वरची किरकिर तेवढी उरते. मग टीव्ही बिघडला का म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही.