गोड्या विहिरीतला माणूस

बुडून मेलेल्याचं मांडीचं हाड आमच्याकडे आलं की त्यातला मगज काढून तीव्र नायट्रिक आम्लात उकळायचा, हे माझं काम. बाकी सगळं विरघळतं, उरतात डायटम, म्हणजे पाण्यातल्या एकपेशीय शेवाळाची सिलिकाची कवचं. सूक्ष्मदर्शकाखाली फुटक्या बांगड्यांच्या काचांसारखी दिसतात. माणूस जिवंतपणी बुडाला तर पाणी फुप्फुसात जातं आणि चालू असलेलं काळीज त्यातले डायटम रक्तातून हाडापर्यंत पोचवतं. मेलेला टाकला तर मगजापर्यंत ते सहसा जात नाहीत.

त्या मे महिन्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावातून हाड आलं. चाळिशीतला माणूस, प्रेत घरामागच्या विहिरीत. शवचिकित्सेत बुडून मृत्यू, अंगावर मारहाणीची खूण नाही. डोक्यावर कर्ज होतं, त्यामुळे आत्महत्या असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं. सोबत विहिरीच्या पाण्याची सीलबंद बाटली.

स्लाइड 400 पटींवर लावली. डायटम भरपूर, पण गोल, मधून कडेकडे बारीक नक्षी गेलेले. थॅलॅसिओसिरा. हे बहुतांशी खाऱ्या-मचूळ पाण्यातले. विहीर मात्र डोंगराच्या पायथ्याची, जांभ्यात खोदलेली, गोडी. बाटलीतल्या पाण्यात लांबट, टोकांना निमुळते असे दुसरेच डायटम, तेही मोजकेच.

असं झालं की पहिला संशय भांड्यांवर घ्यायचा. नळाच्या पाण्यातसुद्धा डायटम असतात, म्हणून आम्ही सगळं डिस्टिल्ड पाण्यानं धुतो. नवी भांडी काढली, हाडाचा दुसरा तुकडा घेतला, शेजारी नुसत्या आम्लाची कोरी चाचणी लावली. कोरी स्वच्छ निघाली. मगजात पुन्हा तेच.

हवालदारांना फोन केला.

"म्हणजे मर्डर, मॅडम?"

"म्हणजे तो या विहिरीत बुडाला नाही. एवढंच."

मग त्यांनी सांगितलं. गावाखाली खाजन शेतं, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली जमीन. बांधाला मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार. यंदाच्या पावणीत, म्हणजे लिलावात, ती मानस मासेमारीसाठी या माणसानं आणि एका भागीदारानं मिळून घेतली होती. ओहोटीला दार उघडलं की पाण्याबरोबर मासळी जाळ्यात येते, त्यामुळे रात्री-अपरात्री तो तिथंच. पावणीवरून गावात भांडणं झाली होती. हे सगळ्यांना ठाऊक, पण जबाब द्यायची वेळ आली की जो तो त्या दिवशी मडगावला गेलेला!

आम्ही मानशीच्या आतलं आणि बाहेरचं पाणी घेतलं. जुळलं. हवालदारांचा चेहरा खुलला आणि तो मलाच उतरवावा लागला. उन्हाळ्यात जुवारी नदीचं खारं पाणी भरतीबरोबर कितीतरी आत चढतं. शेजारच्या गावच्या मानशीचा नमुना तपासला, तोही जुळला. जागा म्हणून बोट ठेवावं असं काही हाती लागेना. शिवाय पाय घसरला की कुणी ढकललं, हे डायटम सांगत नाहीत.

माझा भाचा दिवाळी अंकात रहस्यकथा लिहितो. नावगाव न सांगता त्याला हे ऐकवलं. त्याचा खुनी दोन मिनिटांत तयार: भागीदार. मी म्हटलं, ढकलून मारायचं होतं तर प्रेत नदीतच सोडायचं, अंधारात चढ चढून विहिरीपर्यंत न्यायची हौस कुणाला? त्यानं थोडा विचार केला. "मग आपोआप पडून मेला असेल. पोलीस आले तर मानस बंद, पावणीचे पैसे बुडाले. म्हणून उचलून नेला."

मला हे पटलं. अजूनही पटतं. अहवालात मात्र लिहिलं ते इतकंच: मगजातले डायटम विहिरीच्या नमुन्याशी जुळत नाहीत, मचूळ पाण्याच्या नमुन्यांशी मिळतेजुळते आहेत.

पुढे हवालदारांची बदली पेडण्याला झाली. त्यांच्या जागी आलेल्यांचा एकदा फोन आला.

"मॅडम, ते विहिरीचं पाणी पुन्हा एकदा तपासून बघता का?"