त्याने एकदाच विचारले

परवा 64 नग भंगारात गेले. त्या नुकसानीचे दुःख एव्हाना ओसरले असते. ओसरत नाही तो त्या पोराचा प्रश्न. मी कारखान्यात सीएनसीपाशी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनपाशी, फोनवर बोलत उभा होतो. त्याने ड्रॉइंगची शीट पुढे धरून हलक्या आवाजात विचारले, "सर, हेच ड्रॉइंग ना?" शीटकडे न पाहताच मी म्हणालो, "हो, हेच. चालू कर." त्याने चालू केले. संध्याकाळी तपासणीत कळले की ती जुनी आवृत्ती होती आणि नव्या आवृत्तीत बोअर, म्हणजे नगाचे आतले भोक, 25.2 नव्हे, 25 मिलिमीटरचा आहे. बोअर लहान राहिला असता तर जॉब पुन्हा मशीनवर चढवता आला असता. मोठा झालेला बोअर लहान करता येत नाही.

मी सगळ्यांदेखत आवाज चढवला. तो चिंधीने उजव्या हाताचे एकच बोट पुन्हा पुन्हा पुसत उभा राहिला, पण "मी विचारले होते" असे अवाक्षरही त्याने काढले नाही. ते मला नंतर सुपरवायझरने केबिनमध्ये येऊन सांगितले, तेही आधी दार लोटून घेऊन. दार लोटून घ्यावेसे त्याला वाटले, हेही मला बोचते आहे.

हवाई दलातल्या जेट इंजिनांनी माझे कान बोथट केले आहेत, तेव्हा प्रश्न नीट ऐकू आला नसेल, अशी पळवाट मी काल शोधून पाहिली. पण ऐकू आला होता. मी उत्तर दिले होते.

स्क्वाड्रनमध्ये सॉर्टीनंतर, म्हणजे उड्डाण आटोपल्यावर, चुकांची उजळणी करायला डीब्रीफला बसलो की हुद्दा दाराबाहेर राहत असे. हवेत तर त्याहून कडक शिस्त होती. फॉर्मेशनमधली, म्हणजे एकत्र उडणाऱ्या विमानांतली, जागा राखण्यासाठी लीडरच्या जोडीने उडणाऱ्या विंगमनला थ्रॉटल सतत मागेपुढे करावा लागतो, त्यामुळे त्याचे इंधन लीडरच्या आधी संपत येते. त्याने रेडिओवर 'बिंगो' म्हटले, म्हणजे तळावर परतण्यापुरतेच इंधन उरले असे सांगितले, की तो कितीही कनिष्ठ असो, लीडरला परतीची दिशा धरावीच लागते. त्या शब्दावर वाद घातलेला मी कधी ऐकला नाही. (एकदा तो शब्द उशिरा आला होता. त्या सकाळविषयी आज लिहीत नाही.)

अशा माणसांत आयुष्य काढून मी या धंद्यात आलो. निवृत्तीनंतर भांडवल उभे केले, मशिनी आणल्या, माणसे जमवली, पण चूक तोंडावर सांगणारा एकही माणूस मला इथे मिळाला नाही, असे वाटून काल रात्री मन भरून आले. हिला तसे बोलूनही दाखवले. ही म्हणाली, "मिळाला होता की. परवा." आणि दिवा मालवला.

मग झोप लागली नाही. स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा विमान अपघात डोक्यात फिरत राहिला. 27 मार्च 1977, लॉस रोडेओस विमानतळ, दाट धुके आणि एकाच धावपट्टीवर दोन बोइंग 747 विमाने, एक डच कंपनी केएलएमचे, दुसरे अमेरिकन कंपनी पॅन अॅमचे. केएलएमच्या कॅप्टनने उड्डाणासाठी थ्रॉटल पुढे सरकवले तेव्हा नियंत्रण कक्षाची परवानगी अजून मिळालेली नाही, याची आठवण सहवैमानिकाने त्याला करून दिली होती आणि तो थांबलाही होता. थोड्या वेळाने, उड्डाणाची परवानगी नसतानाच, विमान धावू लागले तेव्हा फ्लाइट इंजिनियरने विचारले की पॅन अॅमचे विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झाले नाही का. कॅप्टनने ठामपणे 'झाले' म्हणून सांगितले, आणि त्यानंतर कोणीच काही विचारले नाही. 583 माणसे गेली. तो कॅप्टन काही बेफिकीर नवशिका नव्हता; कंपनीतल्या इतर वैमानिकांना 747 शिकवणारा, नावाजलेला माणूस होता.

ही हकिगत मी स्वतः तरुण वैमानिकांना कितीदा तरी सांगितली आहे, आणि दर वेळी त्या इंजिनियरच्या जागी बसून सांगितली आहे: त्याने आणखी एकदा का विचारले नाही? कॅप्टनच्या खुर्चीत बसून ती मी परवापर्यंत कधी पाहिलीच नव्हती. तिथून पाहिले की प्रश्न लहानसा वाटतो, उत्तर तोंडावर तयारच असते आणि मागे बसलेल्याचा चेहरा दिसत नाही.

या पोराने तरी पुन्हा का विचारावे? गेल्या महिन्यात त्याने फिक्स्चरविषयी, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाविषयी, विचारले होते, तेव्हा मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवते. असो.

इतक्या वर्षांचा आवाज एका रात्रीत खाली येणार नाही, हे मी जाणतो, आणि आज ते मान्य करताना कालच्यासारखे भरून येत नाही. सकाळी सगळ्यांना जमवून चूक माझी होती असे सांगितले. ओरडलो होतो तोही सगळ्यांसमोरच. शंका आली तर मशीन थांबवा, मला विचारत बसू नका, असेही सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याने खाली पाहिले.

दुपारी सीएनसीवरून जाताना तो काहीतरी म्हणाला. मशीन चालू होते, मला खरोखरच ऐकू आले नाही आणि मी दोन पावले पुढेही गेलो. मागे मशीन थांबले. तो मोठ्याने म्हणाला, "सर, शीटवरची तारीख एकदा बघता का?"

तारीख बरोबर होती. मी ती दोनदा वाचली.