रिकामा फोर्क का वाजतो, आणि पॅड नेमका कुठे लावायचा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीला लागूनच मांजलपूरची वस्ती आहे. रात्रपाळीत ट्रक भरताना रिकामी फोर्कलिफ्ट परत येते, तेव्हाचा खणखणाट शांततेत दूरवर जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण शेजाऱ्यांची तक्रार येईपर्यंत थांबूच नये. तो आवाज म्हणजे लोखंडावर लोखंड आपटतंय आणि प्रत्येक आपटीला फोर्कचा (माल उचलणाऱ्या काट्याचा) हुक आणि कॅरेजची (काटे लटकतात त्या चौकटीची) पट्टी झिजते आहे. आवाज कमी करणं आणि आयुष्य वाढवणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

माल उचललेला असताना फोर्क फारसा वाजत नाही, हे लक्षात घ्या. फोर्क वरच्या हुकाने कॅरेजच्या वरच्या पट्टीवर लटकतो आणि मालाच्या वजनाने त्याची पाठ (उभ्या भागाची मागची बाजू) खालच्या पट्टीवर घट्ट दाबली जाते. रिकामा असला की हा दाब जवळपास उरत नाही. चाक खड्ड्यात गेलं की पाठ पट्टीपासून सुटते, खालचा हुक पट्टीच्या मागच्या अंगावर आदळतो आणि पाठ पुन्हा पुढून आपटते.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे फोर्कची पाठ आणि खालची पट्टी यांच्यामध्ये जुन्या टायरचा रबर घालणं. हिशेब करून पाहा. २००० किलो माल, लोड सेंटर (फोर्कच्या उभ्या भागापासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर) ५०० मिमी आणि वरच्या-खालच्या टेकूंमध्ये साधारण ४०० मिमी अंतर धरलं, तर खालच्या पट्टीवर २५०० किलोचा, म्हणजे प्रत्येक फोर्कमागे १२५० किलोचा दाब येतो. रबर ३ मिमी दबला तरी १२०० मिमी फोर्कचं टोक ९ मिमी खाली जातं. चार दिवसांत रबराचा भुगा होतो आणि आवाज परत येतो.

पॅड, म्हणजे धक्का शोषणारा तुकडा, लावायचा तो खालच्या हुकाच्या आतल्या अंगाला, पट्टीच्या मागे. माल उचलला की ही फट उघडते, त्यामुळे पॅडवर भार येत नाही. त्याला फक्त रिकाम्या फोर्कची आपटी सोसायची असते. इंजिन बंद करा, फोर्कची पाठ पट्टीला पूर्ण टेकलेली ठेवा आणि मागची फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा. पॅडची जाडी त्याहून अर्धा मिलिमीटर कमी ठेवा, नाहीतर फोर्क आडवा सरकणार नाही. हुकाला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. फोर्क उष्णोपचार केलेल्या पोलादाचा असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तिथली ताकद जाते. पृष्ठभाग ग्रीसमुक्त करून, एमरी पेपरने खरखरीत करून दोन भागांच्या गोंदाने पॅड चिकटवा.

पॅडसाठी ९० शोर ए (रबरासारख्या वस्तूंच्या कडकपणाचं माप) कडकपणाचं पॉलियुरेथेन चांगलं चालतं, पण पॉलिइथर प्रकारचं मागा. पॉलिएस्टर प्रकारचं पावसाळ्याच्या दमट उष्म्यात हळूहळू विघटित होऊन ठिसूळ होतं. साइड शिफ्टरच्या (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या जोडणीच्या) सरकत्या पट्ट्यांना नायलॉन वापरतात, तेही पाणी शोषून फुगतं. मे महिन्यात अगदी घट्ट बसवलेला पॅड ऑगस्टमध्ये अडकला तर दोष फुगण्यासाठी न ठेवलेल्या फटीचा. साइड शिफ्टरचा पॅड स्क्रूने बसवला असेल तर स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या २-३ मिमी आत असायलाच हवं. पॅड झिजून डोकं वर आलं की ते सरळ कॅरेजवर चर पाडतं, आणि तो चर पॅडच्या कितीतरी पट महाग पडतो. ग्रीस भरण्याआधी जुनी पुसून काढा. सिमेंटची धूळ मिसळलेली ग्रीस घासणीच्या पावडरीसारखी काम करते.

पॅडने झिजलेला फोर्क नवा होत नाही, म्हणून आधी टाच मोजा, म्हणजे उभा भाग आडव्याला मिळतो ती जागा. उभ्या भागाच्या न झिजलेल्या जागेची जाडी मूळ धरा. ४० मिमीचा फोर्क टाचेजवळ ३६ मिमीवर आला की काढून टाकायचा, कारण वाकण्याची ताकद जाडीच्या वर्गाने बदलते: १० टक्के जाडी गेली की सुमारे १९ टक्के ताकद जाते. दोन टोकांच्या उंचीतला फरक आडव्या लांबीच्या ३ टक्क्यांपेक्षा, म्हणजे १२०० मिमीला ३६ मिमीपेक्षा, जास्त असेल किंवा कोन ९३ अंशांपलीकडे उघडला असेल, तरीही तेच. टाच इतकी झिजते ती बहुतेक वेळा फोर्क जमिनीला घासत चालवल्यामुळे. झीज दिसली की चालकाशी आधी त्याबद्दल बोला.

वरच्या लॉकिंग पिनचा स्प्रिंग मेला असेल तर फोर्क आडवा सरकून शेजारच्यावर आदळतो. स्प्रिंग बदला. बॅकरेस्टचे (मालाला मागून आधार देणाऱ्या जाळीचे) बोल्ट सैल होत राहिले तर नायलॉन इन्सर्टचे नट घाला.

क्लॅम्पचा (माल दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या हातांच्या जोडणीचा) आवाज वेगळा असतो. हात पूर्ण उघडल्यावर येणारी किंचाळी ही रिलीफ व्हॉल्व्हची, म्हणजे तेलाचा जादा दाब सोडणाऱ्या झडपेची. चालकाने लिव्हर वेळेत सोडला की ती थांबते. उघडतानाच धाडकन आदळत असेल तर तेलाचा प्रवाह जास्त आहे, तिथे फ्लो रेग्युलेटर लागतो. खडखडाट आणि तेलात फेस दिसला तर हवा शिरते आहे: टाकीतली पातळी, सक्शन होज आणि तिचे क्लिप तपासा.

शेवटी फरशीकडे पाहा. भरीव टायरला काँक्रीटच्या सांध्याची तुटलेली कडा धक्क्याच्या रूपात जशीच्या तशी लागते. गाडी रोज ज्या सांध्यावरून जाते तेवढेच इपॉक्सी मॉर्टरने भरा आणि गाडी फिरवण्याआधी ते पूर्ण घट्ट होऊ द्या.