कोराडी ते जुनापाणी : पंचवीस कोटी वर्षांचा रस्ता

नागपूरचा माणूस फिरायला निघाला की ताडोबा नाहीतर पेंच, फार तर रामटेक. मी यावेळी कोराडी रोड धरला. सोबत दादा होता, म्हणजे माझा मामेभाऊ, कोळशाच्या खाणीत सर्व्हेयर होता, रिटायर झाला तरी रस्त्यात दगड दिसला की उचलून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. मला बघायचं होतं एवढंच की माणूस या पृथ्वीवर स्वतःचा जो थर टाकून राहिला, म्हणजे राख, हाडं, जे पुढे खडकात उरेल, तो आपल्या जिल्ह्यात कुठे हाताला लागतो का. नुसतं वाचून समाधान होत नाही अशा गोष्टीचं.

मानकापूर सोडलं की थोड्या वेळात वीज केंद्रांच्या धुराच्या चिमण्या दिसायला लागतात. कोराडीला 660 मेगावॅटचे तीन संच, पुढे खापरखेड्याला 1340 मेगावॅट. वीज राज्यभर जाते आणि राख इथेच राहते हे इकडचा प्रत्येक माणूस बोलतो, आणि मला ते पटतं.

आधी आम्ही सरळ खापरखेड्याच्या पुढे सिल्लेवाड्याकडे गेलो. ट्रकमधून सांडलेला कोळसा रस्त्याच्या कडेला पडलेला होता, दादाने एक तुकडा उचलून फोडला. आत एक पट्टा चकचकीत, एक मळकट, परत एक चकचकीत. "हे चमकते ना, ते लाकूड होतं. डायनासोर यायच्या आधीचं." पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे हा कोळसा. तेव्हा इथे दलदलीचं जंगल होतं, ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं, जिभेच्या आकाराची पानं, आणि तीच पानं आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका सगळीकडे दगडात सापडतात कारण हे सगळे भूभाग एकमेकांना जोडलेले होते.

त्या काळाच्या शेवटी जे झालं ते मला दिवसभर आठवत राहिलं. साधारण 25.2 कोटी वर्षांपूर्वी सायबेरियात प्रचंड लाव्हा वर आला आणि तो जमिनीतल्या कोळशाच्या, तेलाच्या थरांमधून घुसला, ते जळाले, कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, समुद्र तापले, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला आणि समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ जाती कायमच्या संपल्या. पृथ्वीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा संहार तो. तेव्हा कोळसा पेटवला लाव्हाने, त्याला हजारो वर्षं लागली. आता आपण बॉयलरमधे पेटवतोय, आणि हवेच्या दहा लाख भागात जो कार्बन डायऑक्साइड 280 भाग होता तो अडीचशे वर्षांत 420 च्या वर नेऊन ठेवला. हातात तो तुकडा धरून हा हिशोब केला तेव्हा खरंच भीती वाटली मला.

परत येताना राखेच्या तलावाकडे वळलो. आपल्या कोळशात राख फार, शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राखच उरते. काही राख सिमेंटला, विटांना जाते, बाकीची पाण्यात कालवून पाइपाने या तलावांमधे सोडतात. काठावर वाळलेली राख उचलली तर बोटांत मैद्यासारखी, खडा म्हणून नाही. जवळच्या गावात (नाव लिहीत नाही) चहाच्या टपरीवर एक काकू म्हणाल्या, "उन्हाळ्यात वारं सुटलं का भाऊ, दार लावा नाहीतर नका लावू, सारखंच आहे. वाळू घातलेले कपडे सांजेपर्यंत करडे होऊन जाते." माझ्याकडे यावर बोलण्यासारखं काहीच नव्हतं.

जुलै 2022 मधे अतिवृष्टीत खसाळ्याचा, म्हणजे कोराडीच्याच राखेच्या तलावाचा, बांध फुटला होता तेव्हा राखेचं पाणी शेतांत, कोलार नदीत आणि पुढे कन्हानमधे गेलं. कन्हान म्हणजे नागपूरच्या पिण्याच्या पाण्याची नदी. ती वैनगंगेला मिळते, वैनगंगा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे कोराडीची राख गाळासोबत समुद्राच्या तळापर्यंत जाऊ शकते, तिथे थर होऊन बसू शकते, आणि लाखो वर्षांनी कोणी तो खडक फोडला तर सापडेल. कारण कोळसा आणि तेल फार तापमानाला जळलं की कार्बनचे जे बारीक गोल कण तयार होतात ते निसर्गात दुसऱ्या कशाने होत नाहीत. ना वणव्याने, ना ज्वालामुखीने.

ह्याच कणांचा उपयोग शास्त्रज्ञांनी पुरावा म्हणून केला. 2000 साली पॉल क्रुट्झन आणि युजीन स्टॉर्मर यांनी मांडलं की आता माणसाचं युग सुरू झालंय, अँथ्रोपोसीन. 2009 पासून शास्त्रज्ञांचा एक गट त्यावर बसला, 2023 मधे त्यांनी कॅनडातल्या क्रॉफर्ड नावाच्या तळ्याचा गाळ निवडला, ज्यात हे कण आहेत आणि अणुचाचण्यांचं प्लुटोनियमसुद्धा आहे. मार्च 2024 मधे भूशास्त्राच्या वरच्या समितीने प्रस्ताव फेटाळला, त्यामुळे कागदोपत्री आपण अजून होलोसीनमधेच, म्हणजे हिमयुगानंतरच्या काळात, त्यातही मेघालयन काळात, जो मेघालयातल्या मॉमलू गुहेवरून 4200 वर्षांपूर्वी सुरू झाला असं ठरलंय. मला विचाराल तर मतदान काहीही होवो, थर तर पडलेलाच आहे, मी त्यात बोटं घालून आलो.

दुपारी जेवायला सावजी. दादाने चिकन मागवलं, मी पण. ताटातल्या हाडांबद्दल सुद्धा, ह्याच युगाची खूण म्हणून, शास्त्रज्ञांनी लिहिलंय, ब्रॉयलर कोंबडीचं हाड तिच्या रानातल्या पूर्वजापेक्षा खूप जाड, वाढ पाच-सहा आठवड्यांत, आणि कोणत्याही घडीला जगात दोन हजार कोटींहून जास्त कोंबड्या जिवंत असतात. 2018 मधे एक अंदाज आला होता की जगातल्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं वजन केलं तर 60 टक्के गुरंढोरं-डुकरं वगैरे पाळीव, 36 टक्के आपण माणसं, आणि वाघ, हत्ती, देवमासे सगळे मिळून फक्त 4 टक्के. दादा म्हणाला, "आणि आपण म्हणतो जंगल किती मोठं आहे पेंचचं." गिधाडांचंही तेच ना, गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने, ती मेलेली गुरं खाऊन, कोट्यवधी मेली, 2006 मधे गुरांसाठी या औषधावर बंदी आली तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळपास संपलीच होती. आता पिंजऱ्यात वाढवलेली पेंचमधे सोडतायत, ती जगावीत असं मनापासून वाटतं.

तिथून आउटर रिंग रोडने काटोल रोडला लागलो, जुनापाणीला. लोहयुगातल्या लोकांनी इथे आपली माणसं पुरून भोवती काळ्या दगडांची वर्तुळं मांडली, जवळपास तीनशे. 1867 मधे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने काही उकरली तेव्हा लोखंडी अवजारं, घोड्याचे लगाम असं निघालं. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेत, त्यांचा अर्थ कोणाला लागलेला नाही. दगड दख्खनच्या लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर गेले त्याच सुमाराचा. म्हणजे सकाळी एका संहाराआधीचा कोळसा हातात होता आणि आता दुसऱ्या संहाराच्या वेळच्या दगडाला हात लावत होतो, मधे जेमतेम तासाभराचा रस्ता. त्या लोकांनीही जमिनीवर खूण सोडली पण ती शोधावी लागते, गवतात चालत जावं लागतं. आपली शोधावी लागत नाही.

फेटरीच्या बाजूने आता ले-आउट पडत चाललेत. जायचं असेल तर हिवाळ्यात सकाळी जा, सावली अजिबात नाही, पाणी सोबत ठेवा, दगड हलवू नका, त्यावर बसू पण नका. आणि कोणी कॉलेजात भूगोल-भूशास्त्र शिकवत असेल तर पोरांची सहल जुनापाणीला नेता तशी एकदा कन्हानच्या काठावर पण न्या, राखेचा थर दाखवायला.